शिरीषला ताप आहे

सोमवार हा जपानमधल्या तोयोसुच्या त्या इमारतीत जळाऊ कचऱ्याचा वार. आठ वाजता मिताली लाल दप्तर पाठीला लावून शाळेत गेली. सव्वाआठला वृंदाने भाजीची देठं आणि चहाचा चोथा भरलेली पिशवी खाली नेऊन कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली ठेवली, वर येऊन हात धुतले, देवापुढे उदबत्ती लावली आणि नऊला पाच मिनिटं कमी असताना नवऱ्याच्या ऑफिसला फोन करून खोटं बोलली. यातलं कुठलंच काम तिला आता अवघड जात नव्हतं.

"शुजिन गा नेत्सु ओ दाशिमाशिता नोदे, क्यो वा यासुमासेते इतादाकिमासु," ती म्हणाली. यजमानांना ताप आलाय, म्हणून आज सुट्टी घेत आहेत.

पलीकडून हायाशी-सान नावाच्या बाई नेहमीच्या मऊ आवाजात "ओदाइजिनि" म्हणाल्या, म्हणजे काळजी घ्या, आणि फोन बंद झाला.

वॉर्ड ऑफिसच्या मोफत जपानी वर्गाला वृंदा दीड वर्ष जात होती. भाजीवाल्याशी, शाळेतल्या बाईंशी बोलताना ती अजून अडखळायची. न अडखळता बोलता येणारं तिचं पहिलं पूर्ण वाक्य हे होतं. शिरीषने ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं आणि सात वर्षांच्या मितालीने हसत हसत आईचे उच्चार दुरुस्त केले होते. "आई, नेत्सु! नेत्सू नाही!" त्या वेळी तिघंही किती हसली होती.

शिरीषला ताप नव्हता. तो कोरियात, सोलमध्ये होता. तिथल्या टेकडीवरच्या एका मोठ्या हॉटेलात फक्त परदेशी माणसांसाठी उघडा असलेला कॅसिनो होता आणि शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने जाऊन तो तिथे ब्लॅकजॅक खेळत होता. एरवी रविवारी रात्री परत यायचा. या वेळी रविवारी दुपारी हॉटेलातून फोन आला, "एक दिवस थांबतोय गं, डाव चांगला बसलाय. ऑफिसला ताप आहे म्हणून सांग." वृंदा "बरं" म्हणाली. ही सहावी वेळ होती.

हे सगळं सुरू झालं ते खाडीकाठच्या नव्या मॉलमधल्या गेम सेंटरमध्ये. पुण्याहून येऊन सहा महिने झाले होते, रविवार उलटता उलटत नव्हता. मिताली नाण्यांच्या खेळांकडे पळायची आणि शिरीष ब्लॅकजॅकच्या यंत्रासमोर बसायचा. पडद्यावर एक चित्रातली मुलगी वाकून नमस्कार करायची, पत्ते वाटायची. एकवीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, एकवीस ओलांडले की डाव गेला. जिंकलं तर पितळी बिल्ले मिळायचे, आणि ते बिल्ले त्याच मशीनमध्ये परत घालण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. वृंदा आइस्क्रीम खात मागे उभी राहायची. सात वाजले की मिताली जाऊन त्याची बाही ओढायची, "पप्पा, भूक," आणि तो मुकाट उठायचा.

पण आपला शिरीष पडला इंजिनिअर. त्याला खेळण्यापेक्षा खेळाच्या पोटात शिरायची हौस. एके दिवशी जेवताना त्याने वृंदाला समजावून सांगितलं, "मशीन आंधळं असतं गं. दर डावाला पत्ते नव्याने पिसतं, मागचं काही लक्षात ठेवत नाही. तिथे डोकं चालवून उपयोग नाही. खरं टेबल वेगळं. सहा कॅट एका डब्यात भरलेले असतात, गेलेला पत्ता परत येत नाही. जो लक्ष ठेवील त्याला पुढे काय उरलंय ते कळतं. तिथे नशीब नाही, तिथे गणित आहे."

त्याने त्यासाठी एक प्रोग्रॅमही लिहिला. लाखभर डाव लॅपटॉपवर खेळवून पाहिले आणि दर वेळी प्रोग्रॅम त्याच्या बाजूने कौल द्यायचा, कारण प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. त्यात दमलेल्या माणसासाठी, हरल्यावर चिडणाऱ्या माणसासाठी, घरी जावंसं न वाटणाऱ्या माणसासाठी एकही ओळ नव्हती.

आणि आपल्या लोकांनी त्याला थांबवलं का? छे! त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला उदयच्या घरी बारा मराठी कुटुंबं जमली. चकल्या झाल्या, फराळ झाला, आरती झाली आणि लगेच सतरंजीवर पत्ते पडले. दिवाळीत पत्ते खेळायचेच, त्याने लक्ष्मी येते, अशी आपली सोयीस्कर समजूत. तीन पत्तीऐवजी शिरीषने सगळ्यांना ब्लॅकजॅक शिकवला. स्वतः डीलर झाला. कोणते पत्ते उरले आहेत ते त्याने चारदा अचूक सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. "शिऱ्या, तू इथे कोड लिहीत काय बसलायस!" उदय म्हणाला. उदय त्याचा टीम लीड. त्याची बायको नयना वृंदाच्या कानाशी लागून म्हणाली, "पुरुषांची हौस गं. बाहेर दारू पीत नाहीत ना, मग झालं." त्या टाळ्यांचा आवाज डोक्यात घेऊन शिरीष पुढच्याच महिन्यात सोलच्या प्रोजेक्टवर आठवडाभर गेला, आणि तिथे खरं टेबल सापडलं.

त्या टेबलाचं कौतुक करताना त्याचा चेहरा खुलायचा. वाटणारी बाई हसून नाव घेऊन बोलावते. शेजारी बसलेला तैवानचा म्हातारा चांगला डाव लागला की पाठीवर थाप मारतो. "मशीनसमोर आपण एकटे असतो वृंदा. तिथे माणसं असतात." माणसं घरीही होती. एक समोर बसून त्याला पोळी वाढत होती.

त्या सोमवारी साडेअकराला सांगलीहून फोन आला. शिरीषची थोरली बहीण रेखाताई बोलत होत्या. त्याचे वडील लक्ष्मीकांत गेले दहा दिवस दवाखान्यात होते. हृदय दुबळं झालं होतं, पण डॉक्टर काळजीचं कारण नाही म्हणत होते. आज मात्र रेखाताईंचा आवाज बदललेला होता.

"वृंदा, शिरीष कुठाय? बाबा रात्रीपासून त्याचंच नाव घेतायत. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलवा."

"मीटिंगमध्ये आहे हो ताई. आला की लगेच लावते." जीभ सरावाने वळली.

"थांब, बाबांना द्यायचाय फोन."

सासऱ्यांचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला. या माणसाने लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, पोरी, चहा मीच करणार, तू उशिरा ऊठ. दर रविवारी ते फोन करायचे आणि दर रविवारी वृंदा त्यांना काहीतरी कारण सांगायची.

"वृंदा, मीटिंग नाही ना?"

"तुम्ही दमाल बाबा," ती म्हणाली.

"तुझ्या आवाजात एक सफाई आलीय बघ. ती मला ओळखू येते. मी स्वतः बारा वर्षं वापरली." ते थांबले, दम खाऊन पुढे बोलले. "आमचा दादा. आम्ही दोघं एकाच साखर कारखान्याच्या ऑफिसात. तो क्लबात पत्ते कुटत बसायचा, आणि मस्टरवर त्याची सही मी करायचो. घरची अब्रू. आई म्हणायची, भाऊ भावाला झाकणार नाही तर कोण झाकणार? एकदा तो दोन दिवस आलाच नाही. कुणी शोधलं पण नाही त्याला. का शोधतील? मस्टरप्रमाणे तो हजर होता. तिसऱ्या दिवशी कालव्यात सापडला."

"बाबा..."

"शिरीषला मी हे कधी सांगितलं नाही. अब्रूच. तू त्याची सही करू नको पोरी. आणि त्याला म्हणावं, रागावलो नाही मी. एकदा आवाज तेवढा ऐकव."

फोन ठेवल्यावर वृंदाने शिरीषच्या मोबाइलचा नंबर फिरवला. त्याचा जपानी फोन कोरियात लागत नसे, हे माहीत असूनही चार वेळा फिरवला. मग त्याच्या कपाटातून हॉटेलची पावती शोधून काढली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि जपानीत हॉटेलशी बोलली. खोलीत कुणी फोन उचलत नव्हतं. कॅसिनोतल्या पाहुण्यांना फोन देत नाहीत, निरोप खोलीच्या दाराखाली सरकवून ठेवू, असं ती मुलगी फार नम्रपणे म्हणाली. वृंदाने निरोप दिला. दोन तासांनी पुन्हा दिला. शिरीष खोलीत गेलाच नव्हता तर तो वाचणार कधी? गेम सेंटरच्या यंत्रावरून त्याला उठवायला बाही ओढणारी एक लेक पुरत होती. त्या टेबलापर्यंत कुणाचाच हात पोहोचत नव्हता.

दुपारी मिताली आली. वृंदाने तिला आजोबांची तब्येत बरी नाही एवढंच सांगितलं आणि देवापुढे बसवलं.

सात वाजता दाराची बेल वाजली. दारात उदय आणि नयना. नयनाच्या हातात मऊ खिचडीचा डबा, उदयच्या हातात सफरचंदांची पिशवी.

"वहिनी, शिऱ्याचा ताप काय म्हणतो? हायाशी-सान म्हणाल्या, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आजारी. म्हटलं बघून तरी यावं."

वृंदाने दार अर्धंच उघडं धरलं होतं. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"नको उठवू मग," नयना म्हणाली. "तू किती ओढलीयेस गं. रडलीस का?"

"सांगलीला बाबांचं जरा बरं नाही."

"अरेरे! शिरीषला सांगितलंस?"

"ताप उतरू दे म्हटलं."

उदय वळता वळता सहज बोलला, "बरंय पण, कामाचं टेन्शन घेऊ नको म्हणावं त्याला. सोलच्या क्लायंटकडे आज त्याच्याऐवजी टीममधल्या अनुरागला पाठवलंय. दुपारीच पोहोचला तो. तिथलं ते मोठं हॉटेल आहे ना टेकडीवरचं, त्याच्या खालीच उतरलाय."

अनुराग तिथे होता. चालत दहा मिनिटांवर. उदयने खिशातला फोन काढून एक नंबर लावायचा अवकाश, अनुराग टेकडी चढून आत गेला असता, शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला असता, त्याला उठवून फोनपाशी आणला असता. सांगलीत साडेतीन वाजले होते. म्हातारा जागा होता, वाट बघत होता. फक्त तोंड उघडायचं होतं. उदय, शिरीष घरात नाही, एवढं म्हणायचं होतं.

पण उदय टीम लीड होता. उदयच्या सहीवर शिरीषचं कंत्राट होतं, कंत्राटावर व्हिसा, व्हिसावर हे घर, मितालीची शाळा. आणि त्याहून जुनं काहीतरी होतं, जे तिला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं. नवऱ्याचं बाहेर काढायचं नाही. तिने खालचा ओठ दातांत धरला.

तेवढ्यात तिच्या कमरेजवळून मिताली पुढे आली, उदयकाकाकडे मान वर करून बघत अगदी सहज म्हणाली, "पापा वा नेत्सु गा आरु नो." पप्पांना ताप आहे.

तसं म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पप्पा घरात नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा तसाच गोड, निरागस होता, आणि आवाजात सफाई होती.

"गुणाची पोर," उदय म्हणाला आणि लिफ्टकडे गेला. वृंदाने दार लावलं, कडी घातली आणि खिचडीचा डबा हातात धरून तिथेच दाराच्या आतल्या पायरीवर बसली. आजही तिला विचारा, आयुष्यातली कुठली दोन मिनिटं परत हवीत? ती हीच सांगेल.

मंगळवारी सकाळी साडेसहाला, मितालीच्या डब्यात भात भरत असताना, रेखाताईंचा फोन आला. बाबा अडीचला गेले. शेवटी फोन उशाशी ठेवायला लावला होता त्यांनी.

"शिरीष निघालाय ना गं? कधीपर्यंत थांबू आम्ही?"

"मला माहीत नाही ताई," वृंदा म्हणाली. "तो कुठे आहे ते मला माहीत आहे, पण तो कधी येईल ते माहीत नाही. तो घरी नाहीये. काल मीटिंगमध्येही नव्हता." पुढचं तिने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर रेखाताई म्हणाल्या, "मग मीच करते." आणि दुपारी सांगलीच्या घाटावर लेकीने बापाला अग्नी दिला. गावात कुजबुज झाली असेल तर झाली असेल. ज्यांना कुजबुजायचं होतं त्यांच्यापैकी कुणी त्या मुलाला हात धरून आणलं नव्हतं.

इकडे शिरीष त्याच दुपारी साडेबाराला आला. दार उघडताच त्याचं तोंड हसरं होतं, डोळे लाल होते, हातात मितालीसाठी मोठी बाहुली होती.

"वृंदा, जिंकलो! सांगितलं होतं ना, गणित आहे म्हणून! दोन दिवस टेबलावरून हललो नाही, शेवटचा डबा तर..."

"बाबा गेले," वृंदा म्हणाली.

तो बूट काढायला वाकला होता, तसाच खाली बसला. एक बूट पायात, एक हातात. बाहुली कोपऱ्यात पडली. त्याने विचारलं, "काही म्हणाले?"

"रागावलो नाही म्हणाले. आवाज ऐकव म्हणाले. रात्रभर वाट बघितली."

मग तो रडला. खरंच रडला, कपाळ दारावर आपटून घेतलं. काकांची गोष्ट, मस्टरची गोष्ट तिने त्याला सांगितली तेव्हा त्याने कान झाकून घेतले. संध्याकाळच्या विमानाने निघून तो सांगलीला गेला, तेरावं करून आला, डोक्यावरचे केस उतरवलेले होते. देवापुढे शपथ घेतली. लॅपटॉपमधला तो प्रोग्रॅम वृंदासमोर पुसून टाकला. वृंदाला वाटलं, निदान एवढ्या मोठ्या मोलाने तरी माणूस परत मिळाला.

व्यसनाला शपथेची भाषा कळत नाही. केस दोन बोटं वाढायच्या आतच एका शुक्रवारी शिरीष गेला. कुठे ते सांगून गेला नाही. रविवारी रात्री आला नाही. सोमवारी सकाळी आठला त्याचा फोन आला, आवाज घसा बसल्यासारखा.

"वृंदा, एकदाच. शेवटचं. ऑफिसला ताप आहे म्हणून सांग."

तिने फोन ठेवला. मिताली दप्तर लावून दाराशी उभी होती. "पप्पा कुठायत?" हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "आज पण नेत्सु?"

वृंदाने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. या मुलीला आजोबांचा जुना वारसा कुणी दिला होता? बापाने नाही. बाप तर टेबलावर बसला होता. तो वारसा तिनेच दिला होता, रोज थोडा थोडा, दुधाच्या पेल्याबरोबर. तिने फ्रिजवरचा पिवळा पडलेला कागद काढला आणि जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकला. मग मितालीला म्हणाली, "नाही. पप्पांना ताप नाही. पप्पा पत्ते खेळायला गेलेत आणि त्यांना थांबता येत नाही. कुणी विचारलं तर असंच सांग. लाज वाटून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही."

नऊला पाच कमी. तिने नंबर फिरवला. या वाक्यासाठी तिच्याजवळ कागद नव्हता. शब्द मागेपुढे झाले, क्रियापदं चुकली. माझे यजमान आजारी नाहीत. ते जुगार खेळायला गेले आहेत. आजवर मी जे जे सांगितलं ते खोटं होतं, माफ करा. उदय-सानना हे सांगा. यजमानांना मदत हवी आहे, मला एकटीला जमत नाही.

नोकरी जाईल, व्हिसा जाईल, महिनाभरात पुण्याच्या विमानात बसावं लागेल, हे सगळं तिला बोलताना दिसत होतं. दिवाळीला सतरंजीवर टाळ्या वाजवणारे हात आता तोंडावर जातील, नयना म्हणेल, बाईने नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. म्हणू दे. आपल्या घरांतून किती बायका, किती आया, किती भाऊ आज सकाळी असा एखादा फोन करून मोकळे झाले असतील, आणि त्या फोनच्या आड किती माणसं कुठल्या टेबलाशी बसून हळूहळू संपत असतील, याची मोजदाद कोण करणार? मस्टरवर तर सगळे हजर आहेत.

वृंदा हायाशी-सानच्या त्या नेहमीच्या "ओदाइजिनि"ची वाट बघत होती. तो शब्द आला नाही. त्याऐवजी त्या बाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ओकुसान वा, दाइजोबु देसु का?"

वहिनी, तुम्ही ठीक आहात ना?

दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तोयोसुत नाही, सांगलीत नाही, दिवाळीच्या सतरंजीवर नाही. वृंदाने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. या प्रश्नाचं उत्तर तिने कधी पाठ केलेलं नव्हतं. तिला हुंदका फुटला, आणि पलीकडची बाई फोन न ठेवता थांबून राहिली.